बोट सुटण्यापूर्वीं

परदेशगमनाचीं वर्णनें आपल्याकडे पुष्कळ लिहिलीं गेलीं आहेत. त्यांचा आरंभ बहुधा बोटीचा भोंगा वाजतो तेथून होतो. नांगर उचलला जातो, किनारा पुसट होत जातो, आणि मातृभूमीच्या आठवणीनें लेखकाचे डोळे भरून येतात. परंतु आगबोटींच्या त्या काळांत गांव सोडून बंदराच्या शहरीं येऊन पडलेला मनुष्य आठ-पंधरा दिवस, कधीं महिना महिना, बोटीची वाट पाहत बसे. त्याच्या त्या दिवसांविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. घर सुटलेलें असे, परदेश अजून लागलेला नसे. निरोप देणारे निरोप देऊन परत गेलेले असत. हातीं काम नाहीं, खिशांत पैसे मोजके, आणि ओळखीच्या घरीं पाहुणा म्हणून राहावयाचें, तर तिसऱ्या दिवसानंतर पाहुण्यास स्वतःचेंच ओझें वाटूं लागे. रातोरात विमानानें समुद्र ओलांडणाऱ्या प्रवाशास हा अनुभव सहसा यावयाचा नाहीं.

अशाच एका मुक्कामाची ही हकीकत आहे. तो मुक्काम १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांतला, शहर मुंबई, आणि प्रवासी राजकोटचा एक अठरा वर्षांचा विद्यार्थी, मोहनदास करमचंद गांधी. पुढें जें घडलें तें सर्वांस ठाऊक आहे; म्हणूनच तें क्षणभर बाजूस ठेवून या विद्यार्थ्याकडे पाहिलें पाहिजे. त्या ऑगस्टांत मुंबईच्या लाखो माणसांत त्याला ओळखणारे थोडे होते, आणि त्या थोड्यांपैकींहि बरेच जण लौकरच ओळख दाखविण्यास कचरूं लागले.

मोहनदास १८८७ च्या अखेरीस मॅट्रिक झाला. ती परीक्षा तेव्हां अहमदाबाद व मुंबई या दोन ठिकाणीं घेतली जाई. काठेवाडांतील विद्यार्थी बहुधा गरीब. जवळचें व स्वस्त म्हणून ते अहमदाबाद पसंत करीत. त्यानेंहि तेंच केलें, आणि तो प्रवास सोबतीवांचून केला. पुढें भावनगरच्या सामळदास कॉलेजांत त्यानें नांव घातलें. पण तेथील व्याख्यानें डोक्यांत शिरेनात, आणि पहिली टर्म संपतांच तो घरीं आला. वडील १८८५ सालीं वारले होते. घराण्याचे जुने स्नेही व सल्लागार मावजी दवे यांनीं सुचविलें कीं, बी. ए. च्या मागें वर्षें घालविण्यापेक्षां मुलाला विलायतेस पाठवून बॅरिस्टर करावा. चार-पांच हजार रुपयांत काम भागेल. मुलाला तर हें हवेंच होतें.

त्यानंतरचें सारें काम परवानग्या गोळा करण्याचें होतें. पोरबंदरला राहणाऱ्या चुलत्यांनीं होय म्हटलें नाहीं आणि नाहींहि म्हटलें नाहीं. पोरबंदर संस्थानचे कारभारी लेली साहेब यांची गांठ मुलानें घेतली. त्यांनीं जिन्यावरूनच, आधीं बी. ए. हो, मग ये, असा निकाल दिला. आईची शंका सर्वांत खरी होती. परक्या देशांत मुलगा बिघडतो असें तिनें ऐकलें होतें. तेव्हां बेचरजी स्वामी नांवाचे साधु पुढें आले. ते मूळचे मोढ वाणी, पुढें जैन साधु झालेले. त्यांनीं मुलाकडून मद्य, मांस व परस्त्री यांना स्पर्श न करण्याची शपथ घेवविली, आणि मग आईनें होकार दिला. पैशासाठीं पत्नीचे दागिने विकावे, दोन-तीन हजार उभे राहतील, असाहि विचार मोहनदासाच्या मनांत आला होता. त्यावर कस्तुरबांना काय वाटलें याची नोंद आत्मचरित्रांत नाहीं. त्यांच्या मांडीवर तेव्हां अवघ्या कांहीं महिन्यांचा हरिलाल होता. अखेर वडील बंधु लक्ष्मीदास यांनीं खर्चाची जबाबदारी पत्करली.

राजकोटच्या हायस्कुलानें निरोपसमारंभ केला. मोहनदासानें आभाराचे चार शब्द कागदावर लिहून नेले होते. ते वाचतांना त्याचें डोकें गरगरूं लागलें, सर्वांगास कंप सुटला, आणि वाक्यें कशींबशीं तोंडांतून बाहेर पडलीं. हा प्रसंग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कारण पुढील गोष्ट त्यानंतर दोन महिन्यांच्या आंतच घडलेली आहे.

१० ऑगस्ट १८८८ रोजीं आईचा, पत्नीचा व तान्ह्या मुलाचा निरोप घेऊन त्यानें राजकोट सोडलें. बरोबर वडील बंधु होते. मुंबईस पोंचतांच पहिली अडचण उभी राहिली ती समुद्राची. स्नेही मंडळींनीं बंधूंना सांगितलें कीं, पावसाळ्यांत हिंदी महासागर खवळलेला असतो. मुलाचा हा पहिलाच जलप्रवास, तेव्हां त्याला नोव्हेंबरपर्यंत थांबवून धरावें. कोणी तर नुकतीच एक आगबोट तुफानांत बुडाल्याची बातमीहि आणून दिली. बंधु धास्तावले. भावाला एका मित्राच्या घरीं ठेवून आणि प्रवासाचे पैसे मेव्हण्यांच्या स्वाधीन करून ते आपल्या नोकरीवर राजकोटला परतले.

नोव्हेंबरांत समुद्र शांत असतो हा त्या मंडळींचा भरंवसा. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरला कच्छांतील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ नांवाची आगबोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळांत सांपडून शेंकडों उतारूंसह नाहींशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत; त्याच नांवानें ती गुजराथेंत आजहि आठवली जाते. मॅट्रिकच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघालेले कांहीं विद्यार्थीहि तिच्यांत होते असें सांगतात. वडीलधाऱ्यांचा सल्ला चांगल्या मनानें दिलेला होता यांत संशय नाहीं. समुद्रानें मात्र पंचांग पाहिलें नाहीं.

मुंबईंत मोहनदासाचा रिकामा काळ सुरू झाला. मुंबई तेव्हां पाहण्याजोगी नव्हती असें नाहीं. राजाबाई टॉवर उभा राहून दहा वर्षें झालीं होतीं. बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसची प्रचंड इमारत त्याच सालीं पुरी झाली होती. घोड्यांच्या ट्रामगाड्या रस्त्यांतून धांवत होत्या. काठेवाडांतून आलेल्या मुलाचे डोळे दिपावे असें पुष्कळ होतें. पण आत्मचरित्राच्या या प्रकरणांत एकाहि इमारतीचें वर्णन नाहीं. दिवस जातां जात नव्हता, आणि झोंपेंतसुद्धां विलायतच दिसे, एवढेंच तेथें सांगितलें आहे. ज्याचें मन पुढच्या गांवीं जाऊन बसलें आहे, त्याला मधलें गांव दिसत नाहीं, मग तें मुंबईएवढें कां असेना.

परंतु या रिकामपणांत एक गोष्ट घडत होती. तोंवर त्याच्या निश्चयाला चारी बाजूंनीं टेंकू होते. मावजी दवे यांचा सल्ला, भावाचा पैसा, साधूची शपथ, आईचा होकार. हे सारे राजकोटांत राहिले. मुंबईंत तो निश्चय एकट्या त्याच्या अंगावर आला, आणि नेमक्या त्याच वेळीं त्याच्यावर घाव पडला.

मुंबईंत मोढ वाण्यांची वस्ती मोठी होती. त्या ज्ञातींतील कोणी तोंवर विलायतेस गेलेला नव्हता. करमचंद गांधींचा मुलगा निघाला आहे आणि बोटीसाठीं येथेंच थांबला आहे, ही बातमी पसरण्यास वेळ लागला नाहीं. बोट लगेच मिळती तर ज्ञातीला सभा बोलावण्यास कदाचित् सवडच झाली नसती. भावानें काळजीनें केलेला उशीरच विरोधकांच्या कामीं आला.

या प्रसंगाच्या गांधीजींनीं स्वतः सांगितलेल्या दोन हकीकती येथें पाहण्यासारख्या आहेत. एक १८९१ च्या जूनमध्यें लंडनच्या ‘व्हेजिटेरियन’ पत्रास दिलेल्या मुलाखतींतली, म्हणजे प्रसंगानंतर तीन वर्षांच्या आंतली. दुसरी १९२५ पासून ‘नवजीवन’मध्यें प्रसिद्ध झालेल्या गुजराथी आत्मचरित्रांतली. दोहोंत तपशिलाचा फरक आहे. मुलाखतींत असें आहे कीं, रस्त्यांतून जातांना लोक त्याच्याकडे बोट दाखवीत, आणि एकदां टाऊन हॉलजवळ ज्ञातिबांधवांनीं त्याला घेरून हुर्रेवडी केली. बंधु जवळ होते, त्यांना तें मुकाट्यानें पाहावें लागलें. आत्मचरित्रांत टाऊन हॉलचा प्रसंग नाहीं, आणि बंधु तर आधींच राजकोटला परतलेले आहेत. या दोन हकीकतींचा मेळ घालण्याचा अट्टाहास करण्याचें कारण नाहीं. वीस-एकवीस वर्षांच्या तरुणाला अपमान ताजा होता. छप्पन्न वर्षांच्या गृहस्थाला आठवला तो एकटेपणा. दोन्ही गोष्टी त्या मुक्कामांत होत्या.

अखेर ज्ञातीची मोठी सभा भरली. जो हजर राहणार नाहीं त्याला पांच आणे दंड, असें मुलाखतींत म्हटलें आहे. मुलाला सभेपुढें बोलावण्यांत आलें. ज्ञातीचे शेठ करमचंदांच्या ओळखीचे व दूरच्या नात्यांतले होते. त्यांनीं प्रथम वडिलकीच्या नात्यानेंच समजावलें. समुद्रपर्यटन धर्मबाह्य आहे. तिकडे गेल्यावर साहेबांच्या पंक्तीस बसावें लागतें, मद्यमांस सुटत नाहीं. तुझ्या वडिलांचे व आमचे संबंध कसे होते तें तुला ठाऊक आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. शेठ दुष्ट होते असें मानण्याचें कारण नाहीं. आईला जी भीति वाटली तीच त्यांनाहि वाटली. फरक इतकाच कीं, आईनें शपथ घेऊन भीति मिटविली, शेठजींना शपथ पुरेशी वाटली नाहीं.

ज्या मुलाला आपल्याच शाळेंत आभाराचे चार शब्द वाचतां आले नव्हते, तो या सभेंत न अडखळतां बोलला. शिक्षणासाठीं जाणें धर्माविरुद्ध आहे असें आपणांस वाटत नाहीं. तीन गोष्टी वर्ज्य करण्याचें वचन आपण आईस दिलें आहे. शेठजी वडिलांच्या ठिकाणीं आहेत, पण निश्चय बदलणें आपल्या हातीं राहिलेलें नाहीं. आणि या बाबतींत ज्ञातीनें मध्यें पडूं नये. मुलाखतींत आणखी एक उत्तर आहे, आणि तें वाण्याच्या मुलाला शोभण्यासारखें आहे. आपले बांधव एडनपर्यंत जातात तें चालतें, मग विलायतेनेंच काय केलें आहे? एडन त्या काळीं मुंबई इलाख्याच्या अमलाखालीं होतें आणि गुजराथी व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथें चालत होत्या. तेथें जाणाऱ्याच्या बोटीखालीं समुद्र नव्हता असें नव्हे. पण व्यापाराचा समुद्र ज्ञातीच्या अंगवळणीं पडला होता, शिक्षणाचा पडला नव्हता. या प्रश्नाला सभेंत कोणी उत्तर दिल्याचें दिसत नाहीं.

शेठजींचा राग अनावर झाला. त्यांनीं अपशब्द वापरले आणि हुकूम सोडला. हा मुलगा आजपासून ज्ञातिबहिष्कृत. याला जो मदत करील किंवा पोंचवावयास बंदरावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड.

सव्वा रुपया ही रक्कम मोठी नव्हे. ऐपतीच्या वाण्यानें ती हंसत मोजली असती. खरी धार वाळीत टाकण्याची होती. वाळींत पडलेल्या घराला पंक्तीस पान नाहीं, मुलीला स्थळ नाहीं, आणि मरण आलें तर खांदा द्यावयास माणसें नाहींत. हें कांहीं एकट्या मोढ वाण्यांचें वैशिष्ट्य नव्हतें. पांच वर्षांपूर्वीं आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, त्याआधीं फेब्रुवारींत श्रीरामपूरच्या कॉलेजांत जाहीर सभेपुढें त्यांना आपल्या जाण्याचा खुलासा करावा लागला होता. समुद्र तर राहोच, पुण्याच्या पंचहौद मिशनांत १८९० सालीं घेतलेल्या नुसत्या चहानें टिळक-रानड्यांसारख्यांस ग्रामण्याला तोंड द्यावयास लाविलें. अठरा वर्षांच्या मुलाला वाळींत टाकणें म्हणजे काय, हें मुंबईच्या त्या सभेंतील प्रत्येकाला नीट कळत होतें.

मोहनदासाला स्वतःसाठीं भय वाटलें नाहीं. भय वाटलें तें राजकोटचें. ज्ञातीनें भावावर दडपण आणलें आणि भाऊ डगमगला तर? लक्ष्मीदासांचें पत्र आलें. ज्ञातीनें कांहींहि ठरवलें असलें तरी माझी परवानगी कायम आहे, असा त्याचा आशय होता. दूर बसलेल्या भावानें इतका आधार दिला. परंतु प्रत्येक दिवस उजाडतांना तो आधार टिकेल ना, ही चिंता होतीच. थांबण्यांत आतां धोका होता.

अशांत त्याला कळलें कीं, जुनागडचे एक वकील बॅरिस्टर होण्यासाठीं ४ सप्टेंबरच्या बोटीनें निघत आहेत. भावानें ज्या स्नेह्यांस लक्ष ठेवण्यास सांगितलें होतें त्यांच्याकडे तो धांवला. अशी सोबत दवडूं नये, असें त्यांनींहि सांगितलें. नोव्हेंबरपर्यंत समुद्र शांत होण्याची गोष्ट मग कोणी काढली नाहीं. भावाला तार गेली, होकार आला, आणि मोहनदास मेव्हण्यांकडे पैसे मागावयास गेला.

मेव्हण्यांनीं शेठजींच्या हुकुमाकडे बोट दाखविलें. ज्ञातीला मुकणें आपल्याला परवडणार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. वाचणाऱ्याला येथें मेव्हण्यांचा राग येतो. पण त्यांना मुंबईंत राहून संसार करावयाचा होता, आणि हुकूम सुटला तो नेमका मदत करणाऱ्यांसाठींच होता. पैसा भावाचा, तो बहिणीच्या घरांत, आणि मध्यें आडवी आली सव्वा रुपयाची रेघ. भावाला पुन्हां लिहून उत्तराची वाट पाहण्यास वेळ नव्हता. मोहनदास घराण्याच्या एका स्नेह्याकडे गेला. भाडें व किरकोळ खर्च यांपुरतें कर्ज द्यावें आणि तें भावाकडून वसूल करावें, अशी विनंति त्यानें केली. स्नेह्यानें पैसे दिले, आणि वर धीरहि दिला. सव्वा रुपयाचा हिशेब त्याच्या घरीं झालाच नाहीं.

मग तयारीची धांदल. तिकीट घेतलें गेलें. विलायती कपड्यांची माहिती असलेल्या दुसऱ्या एका मित्रानें कपडे तयार करून आणले. नेकटाय त्याला मुळींच आवडला नाहीं. पुढें लंडनांत तो हौसेनें बांधूं लागला हें निराळें. आंखूड कोट तर त्याला असभ्य वाटला. खाण्यासाठीं मिठाई व फळें बरोबर घेतलीं, कारण बोटीवर काय मिळेल आणि तें खावें कीं नाहीं याची शाश्वती नव्हती. जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजमुदार यांच्याच खोलींत मित्रांनीं त्याची जागा ठरविली, आणि मुलाला संभाळण्यास त्यांना सांगितलें. मजमुदार पोक्त, जग पाहिलेले गृहस्थ. त्यांनीं कसलीच चिंता करूं नये म्हणून सांगितलें. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं ‘क्लाइड’ बोट मुंबईहून सुटली.

दंड कोणाकडून घेतला गेला, याची हकीकत आत्मचरित्रांत मिळत नाहीं. पण त्या दिवसांचा हिशेब तेथें संपला नाहीं.

१८९१ च्या जुलैंत मोहनदास बॅरिस्टर होऊन त्याच मुंबईस परत आला. ऐन पावसाळा होता. ज्या खवळलेल्या समुद्राला तीन वर्षांपूर्वीं सारे भ्याले होते, तोच एडनपासून मुंबईपर्यंत बोटीखालीं होता. बहुतेक उतारू आजारी पडले, आणि हा एकटा डेकवर उभा राहून लाटा पाहत होता. बंदरावर लक्ष्मीदास घ्यावयास आले होते. आईच्या भेटीची ओढ त्याला सर्वांत अधिक होती. आई तो विलायतेंत असतांनाच वारली होती. परक्या देशीं धक्का नको म्हणून भावानें बातमी दाबून ठेवली होती, ती त्यानें मुंबईंत सांगितली. तिला दिलेलीं तिन्हीं वचनें पाळून तो आला होता.

ज्ञातीचें प्रकरणहि तसेंच पडून होतें. आतां त्यांत दोन तट पडले होते. एका तटानें त्याला लगेच पदरांत घेतलें, दुसऱ्यानें बहिष्कार चालू ठेविला. पहिल्या तटाच्या समाधानासाठीं लक्ष्मीदासांनीं राजकोटला जाण्यापूर्वीं त्याला नाशिकास नेलें, गोदावरींत स्नान घालविलें, आणि राजकोटला पोंचल्यावर ज्ञातिभोजन दिलें. मोहनदासाला हें पसंत नव्हतें. पण ज्या भावानें त्या ऑगस्टांत परवानगी कायम असल्याचें लिहिलें, त्याचा शब्द मोडण्याचें त्याच्या मनांत आलें नाहीं. दुसऱ्या तटाकडे मात्र तो कधींच प्रवेश मागावयास गेला नाहीं, आणि त्या तटाच्या पुढाऱ्यांविषयीं त्यानें मनांत अढीहि धरली नाहीं. त्या तटाच्या नियमाप्रमाणें सासूसासरे, इतकेंच काय पण बहीण व मेव्हणे यांनाहि त्याला जेवूं घालण्याची मनाई होती. आंतून त्यांची तयारी होती; कोणाला न कळतां पान वाढावयास ते राजी होते. त्यानें त्यांच्या घरीं पाण्याचा पेलाहि घेतला नाहीं. जें चारचौघांत करतां येत नाहीं तें दार लावून करावयाचें नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें.